तिकडची पद्धत

हिमानी अजूनही विचारून पाणी पिते.

आज संध्याकाळी मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे एकात एक धरून, आणि म्हणाली, "मम्मी, पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला. मी "घे ना बाई" म्हटलं तेव्हा तिने माठातलं पाणी घेतलं, भिंतीकडे तोंड करून ती प्यायली, ग्लास घासून पालथा घातला आणि गेली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

रविवारी तिचा साखरपुडा आहे. उद्या दुपारी तिच्या होणाऱ्या सासूबाई, कोकिळाबाई, रावेरहून येणार आहेत आणि साडी घ्यायला तिला इतवाऱ्याच्या बाजारात नेणार आहेत. घरात सगळे झोपले आहेत. मला झोप लागत नाही म्हणून लिहीत बसले आहे. मनात गुंता झाला की कागदावर उतरवायचा, ही माझी कॉलेजपासूनची सवय. आज मला एकच गोष्ट कळून घ्यायची आहे. माझ्या मुलीने या लग्नाला होकार दिला आहे, की फक्त सांगितलेलं ऐकलं आहे?

हिमानी आधी कशी होती ते सांगितल्याशिवाय माझी काळजी कुणाला समजणार नाही. तिचे पप्पा पेपर मिलमध्ये नोकरीला होते. आम्ही मूळचे भुसावळकडचे, पण हिमानी मिलच्या कॉलनीतच जन्मली, वाढली. हे रिटायर झाल्यावर आम्ही बुऱ्हाणपुरात शनवारा गेटच्या पुढे घर घेतलं. एकुलती एक मुलगी. बोलायला लागली तीच 'नाही' म्हणत, अशी आमच्याकडे थट्टा चालायची. दूध पिणार नाही, दोन वेण्या घालणार नाही, पाहुण्यांसमोर कविता म्हणणार नाही. मोठी झाल्यावर तर विचारायलाच नको. ऑटोवाल्याने गर्दीचं निमित्त करून अलीकडेच उतरवायला बघितलं की ही बसून राहायची. "भैया, घर तक बोला था ना? तो घर तक चलो." मागून गाड्यांचे हॉर्न वाजायचे, मी मान खाली घालायचे, पण ऑटो आमच्या दारापर्यंत यायचा.

नर्सिंग करून ती इथल्याच एका खासगी दवाखान्यात लागली. तिथेही तोच बाणा. रात्रपाळी लागोपाठ लावली तर डॉक्टरांना तोंडावर सांगायची, "सर, मला नाही जमणार. मी पण माणूस आहे." घरी आली की चपला एकीकडे, पर्स एकीकडे, आणि हात धुऊन तशीच कढईतली भाजी चमच्याने खात उभी. मी ओरडले की म्हणायची, "ताटात वाढ मग. भाषण नंतर कर."

या मुलीला एका एजंटने आखातातली नोकरी सांगितली. एका घरी आजारी म्हातारीची देखभाल करायची, होम नर्स म्हणून. घर आपल्याच देशातल्या लोकांचं आहे, शुद्ध शाकाहारी आहे, मुलीसारखी ठेवतील, असं तो म्हणाला. आपल्याच लोकांचं घर म्हटल्यावर आम्हीही निर्धास्त झालो. परक्यांच्या घरात कसं राहील, हीच तर आमची भीती होती. हिमानीलाही जायचं होतं. निघताना ती रडली नाही, मीच रडले, तर म्हणाली, "तू असं करते जसं मला विकलंच आहे."

दोनेक वर्षं ती तिथे होती. रविवारी फोन यायचा. "सगळं ठीक आहे मम्मी. तुम्ही कसे आहात?" एवढंच बोलणं. तिच्या बोलण्यातलं भांडण संपलं आहे हे मला ऐकू येत होतं. मी त्याला समजूतदारपणा म्हटलं.

या उन्हाळ्यात ती परत आली. आम्ही दोघं स्टेशनवर घ्यायला गेलो. उतरली ती अर्धी होऊन. ऑटोवाल्याने शनवाऱ्याच्या गेटपाशी "आगे जाम है" म्हणून थांबवलं. जाम वगैरे काही नव्हता, समोरचा रस्ता मोकळा दिसत होता. हिमानी गुपचूप उतरली, दोन्ही बॅगा तिनेच उचलल्या आणि चालायला लागली. तिचे पप्पा हसून मला म्हणाले, "बघितलं? बाहेर राहिलं की शिस्त येते माणसाला."

परदेशातून आलेल्या माणसाला आपल्याकडे लोक बघायला येतात. तसे आमच्याकडेही आले. तिकडे काय खातात, रस्ते कसे, ऊन किती, बायका कशा राहतात. हिमानी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "चांगलं आहे. मी जास्त बाहेर नाही गेली." आणि सगळे तिच्याकडे बघत बसायचे, कारण बघण्यासारखं पुष्कळ होतं. ती सोफ्यावर बसत नव्हती, बस म्हटलं तर कडेला टेकायची आणि कुणी आत आलं की उठून उभी राहायची. पावलांचा आवाज येऊ द्यायची नाही. अंघोळीला जाताना सांगून जायची, आणि इतक्या लवकर बाहेर यायची की अंग भिजलं असेल की नाही असं वाटावं. आमच्याकडे दिवसभर दार उघडं, शेजारीपाजारी हाक न मारता थेट स्वयंपाकघरात येतात, मोठ्याने बोलतात, तर ती दचकायची. बोलणं ऐकताना नजर खाली. काहीही सांगा, "बरं."

"तिकडची पद्धत," असं तिचे पप्पा सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती फुगायची.

शेजारच्या मालतीताई म्हणाल्या, "आमच्या मोनालीला पण पाठवून द्या वो दोन वर्ष. कमीत कमी तोंड तरी बंद होईल तिचं."

सगळे हसले. मीही हसले.

ती जेवायचीही सगळ्यांच्या मागून. मी पान वाढलं तरी "तुम्ही बसा, मी नंतर" म्हणायची आणि मग ओट्यापाशी उभी राहून, भराभर, उरलेलं खायची. पूर्वीही ती उभ्यानेच खायची, म्हणून मला ते लगेच लक्षात आलं नाही. पण पूर्वी ती गरम कढईतून खायची. आता सगळ्यांचं होईपर्यंत थांबायची, आणि खाताना एक कान बाहेर असायचा.

तिच्या पप्पांना सगळ्यात जास्त आनंद झाला तो पूजेचा. हे रोज सकाळी देवपूजा करतात. लहानपणी हिमानीला पूजेला बसवायचं म्हणजे युद्ध. आता यांनी घंटा वाजवली की ती असेल तिथून धावत यायची आणि देवघराच्या दारात हात जोडून उभी राहायची. एक दिवस चुकलं नाही. हे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "परक्या मुलखात राहून पोरीला देवाची ओढ लागली."

आमच्याकडे धुण्या-भांड्याला वंदना येते. तिचा चहाचा कप वेगळा आहे, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असतो. एका सकाळी मी बघितलं, तर हिमानी तोच कप घेऊन मोरीजवळ पाटावर चहा पीत बसली होती. मी म्हटलं, "अगं, तो वंदनाचा आहे." ती एकदम उठली, "सॉरी, सॉरी" म्हणाली, कप धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कप. वंदना कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आता मी काय तुमच्या चांदीच्या ग्लासात पिऊ का, हिमानीताई? भांडे तर तुम्ही मला घासूच नाही देत. माझी नोकरी पण घ्यायची आहे काय?" हिमानीला ती थट्टा कळली नाही. तिने वंदनाची माफी मागितली. वंदना माझ्याकडे बघायला लागली आणि मी दुसरीकडे.

अशातच माझे मोठे भाऊ प्रभाकरदादा यांनी रावेरचं स्थळ आणलं. केळीची बाग, चांगलं घर, मुलगा महेश शिकलेला आणि शांत. हिमानीचं वय वाढत चाललेलं. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

पाहुणे आले त्या दिवशी मी वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी केली होती, यांनी गोडाला मिठाईवाल्याकडून दराबा आणला होता. हिमानी वाढत होती. कुणाच्या पानातलं काय संपलं ते सांगावं लागत नव्हतं. पाणी कमी झालं की ग्लास भरलेला. महेशला तिच्याशी दोन शब्द बोलायचे होते म्हणून त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, मी दाराशी होते.

"रावेरला करमेल तुम्हाला?"

"करमेल."

"कधीकधी शेतातल्या घरी राहावं लागतं."

"राहीन."

"तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

"नाही, काही नाही."

महेश हसला. चांगल्या मनाचं हसू होतं. म्हणाला, "कशाला तरी नाही म्हणा हो, मला पण बरं वाटेल." हिमानी घाबरून माझ्याकडे बघायला लागली, जणू काही चुकलं.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर कोकिळाबाई हात धुवायला आत आल्या. हिमानी ओट्यापाशी उभी राहून उरलेली बट्टी खात होती. त्यांना बघताच तिने ताट खाली ठेवलं, तोंडातला घास तसाच, आणि हात पुसून उभी राहिली. कोकिळाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "बाई, काय वळण लावलं हो तुम्ही! परदेशात राहून आलेली मुलगी म्हटल्यावर मी तर भीत होती, की जीन्स घालून समोर पाय सोडून बसेल. ही तर विचारल्याशिवाय पाणी नाही पीत."

त्या चांगल्या बाई आहेत. मनापासून बोलल्या. निघताना पसंती कळवून गेल्या. प्रभाकरदादांनी यांच्या पाठीवर थाप मारली. "भास्करराव, जिंकले तुम्ही!"

हे सगळं ठरून गेल्यावरची गोष्ट. परवा दुपारी मी देवाची भांडी चिंचेने घासायला घेतली. हिमानी आतल्या खोलीत झोपली होती. माझ्या हातातून घंटा निसटली आणि मोरीच्या फरशीवर आपटून वाजत गेली. लगेच धावत्या पावलांचा आवाज आला. हिमानी दारात येऊन उभी राहिली. केस मोकळे, डोळे अजून झोपेतच, ओढणी उलटी घेतलेली.

"जी, माताजी," ती म्हणाली.

मी तशीच ओल्या हातांनी बघत राहिले. तिलाही कळलं मग आपण कुठे आहोत ते. तिथेच दाराला टेकून ती खाली बसली.

"माताजी कोण गं?"

"म्हातारी. तिच्या उशाशी असायची घंटा. अशीच, छोटी."

त्या दुपारी ती तुकड्या-तुकड्याने बोलली. नर्स म्हणून गेलेली, पण पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकीण काढून टाकली आणि सगळं घर हिच्यावर आलं. पासपोर्ट शेठच्या कपाटात. फोन शेठाणीच्या समोर, स्पीकर लावून. झोपायला म्हातारीच्या खाटेखाली सतरंजी. पाणी विचारून. अंघोळ विचारून. घंटा वाजली आणि यायला उशीर झाला तर त्या दिवशी जेवण बंद. मारलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "जास्त नाही."

मी म्हटलं, "कसले लोक गं हे तिकडचे!"

"तिकडचे कुठे, मम्मी? तिकडचे लोक तर मी बघितलेच नाही. खाली एक वॉचमन होता, तो सलाम करायचा, बस. हे तर आपलेच होते. सकाळ-संध्याकाळ आरती. एकादशीला मला पण साबुदाणा."

"मग ही पद्धत..."

तिची नजर खिडकीच्या कट्ट्याकडे गेली, वंदनाच्या कपाकडे, आणि परत खाली आली.

रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "झालं ते झालं. आता चांगलं घर मिळालंय, सुखात राहील. कुणाला बोलू नको. दोन वर्ष लोकांच्या घरी मोलकरीण होती, असं बाहेर कळलं तर?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पूजेत घंटा वाजवणं बंद केलं. एवढं केलं. लग्नाबद्दल मात्र बोलू देत नाहीत.

आज संध्याकाळी ती पाणी पिऊन गेल्यावर मी तिच्या मागे गेले. ती माझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. मी दार लोटलं.

"हिमानी, खरं सांग. महेश तुला पसंत आहे?"

"हो."

"म्हणजे होकार पक्का समजू?"

"समजा."

मी म्हटलं, "मला वाटतं नको करूया हे लग्न. नाही कळवते त्यांना."

"बरं," ती म्हणाली. "कळवा."

तोच आवाज, तोच चेहरा. घडी घालणारे हात थांबलेसुद्धा नाहीत. मी तिचे हात धरले.

"अगं, पण तुला काय वाटतं? तुला! मी नाही, पप्पा नाही."

ती म्हणाली, "मम्मी, मला विचारू नको ना."

"का?"

"विचारलं की मला भीती वाटते. तिकडे शेठाणी विचारायची, भूक लागली का. हो म्हटलं की म्हणायची, कामापेक्षा तुझं पोट मोठं. नाही म्हटलं तर मग भूक नाही म्हणून जेवण नाही. मी शोधत राहायची की तिला काय ऐकायचंय." मग तिने माझ्याकडे बघितलं, आल्यापासून पहिल्यांदाच सरळ. "आता पण तेच करते आहे. तुला काय ऐकायचंय ते मला कळत नाहीये."

मी तिला जवळ घेतलं तर ती तशीच ताठ उभी राहिली, सोडायची वाट बघत.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करते आहे. महेश चांगला आहे. त्या घरात कुणी तिला उपाशी ठेवणार नाही. कदाचित तिथे जाऊन ती हळूहळू खुलेलही, असं हिचे पप्पा म्हणतात. पण त्या घराने जी मुलगी पसंत केली ती माझी हिमानी नाही. दोन वर्षांत शेठाणीने जी तयार केली, ती त्यांना आवडली आहे. ती नजर वर करत नाही, मागून जेवते, विचारून पाणी पिते, हेच त्यांना आवडलं. उद्या हिने एखाद्या दिवशी "मला नाही जमणार" म्हटलं, तर कोकिळाबाईंना वाटेल सून बिघडली. आणि हिने कधीच म्हटलं नाही, तर आयुष्यभर ती अशीच ओट्यापाशी उभी राहील, आणि चार लोक मला सांगत येतील, काय वळण लावलं तुम्ही.

नाही कळवलं तर काय होईल तेही मला माहीत आहे. प्रभाकरदादा आमच्या दारात पाय ठेवणार नाहीत. परदेशात राहून आलेल्या मुलीचा साखरपुडा मोडला म्हटल्यावर लोक जे समजतील ते खऱ्याहून वाईट असेल. दुसरं स्थळ कधी येईल, येईल की नाही, कोण जाणे. आणि हे माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत याचा तर हिशेबच नको. हिमानीही माझे आभार मानणार नाही. तिच्यासाठी हे आणखी एक कुणीतरी परस्पर ठरवलेलं.

मी विचार केला, तिला ताप आला असं सांगून उद्याची खरेदी टाळावी. पण तापाने एक दिवस टळेल. मग रविवार येईल, मग पुढचा मुहूर्त. दर वेळी ती "बरं" म्हणेल आणि एक दिवस अक्षता पडतील. तिचा होकार मिळाला, असं तेव्हाही सगळे म्हणतील. तो मिळालेला नाही, हे या घरात आज फक्त मला माहीत आहे.

कोकिळाबाई पहाटेच उठतात, त्यांनीच सांगितलं होतं. हे उठायच्या आत मी गच्चीवर जाऊन त्यांना फोन करणार आहे. तापाचं सांगणार नाही. दोन वर्षांत काय झालं तेही सगळं सांगणार नाही, ते हिमानीचं आहे, तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. मी एवढंच म्हणेन, की कोकिळाबाई, आज येऊ नका, रविवारचंही राहू द्या. माझ्या मुलीला अजून हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. तिला ते येईपर्यंत मी तिला कुठेच पाठवणार नाही. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा, नसेल तर माझी काही तक्रार नाही.

त्या रागावतील. मी ऐकून घेईन. फोन खाली ठेवणार नाही.